रोज घालायच्या चांदीच्या कुड्या आणि खरा गुलाबी खडा : गुजरीत करून घ्यायच्यात, मदत हवी

मृण्मयी_रंकाळा | ८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

आजीच्या मोत्यांच्या कुड्या यंदा माझ्याकडं आल्या. मध्ये गुलाबी खडा, भोवती मोती, मागं सोन्याची फिरकी. पाडव्याला घातल्या आणि रात्री काढताना बघते तर डाव्या कुडीतला खडा नाही. घर झाडून काढलं, गाडीची सीट उचलली, अंगणातल्या रांगोळीतसुद्धा शोधला. मिळाला नाही.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडं गेले. त्यांनी उरलेला खडा भिंगाखाली धरला, बराच वेळ फिरवून बघितला आणि म्हणाले, "ताई, काच आहे ही. पैलूंच्या कडा झिजल्यात, आत बारीक बुडबुडे दिसतात. पण बसवणारा हात चांगला होता. इतकी वर्षं धरून ठेवलंय त्यानं." आजी आयुष्यभर त्याला 'माझं माणिक' म्हणायची. काच निघाली म्हणून मला वाईट वाटलं नाही. खडा हरवला याचं वाटलं.

त्या कुड्या दुरुस्त होतील तेव्हा होतील. पण तेव्हापासून मनात आहे की तसाच गुलाबी रंग रोज कानात असावा. चांदीत, हातानं घडवलेल्या, छोट्या, कानाला चिकटून बसणाऱ्या कुड्या. एक जोड मला आणि एक माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला. खडा नैसर्गिक हवा. मी शाळेत शिकवते, रोज स्कूटीवरून जाते, हेल्मेट घालते. कपाटात ठेवायचा दागिना नकोय.

खडा कोणता घ्यावा? मागची बाजू उघडी ठेवावी की बंद? चांदी किती शुद्ध? उद्यापासून अंबाबाईचा किरणोत्सव आहे, त्या भागात पाय ठेवायला जागा नसेल, म्हणून पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तोवर सांगा.

वासंतीकाकू | ८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

हेल्मेट घालतेस ना, मग नख्यांत पकडलेला खडा घेऊ नकोस. माझ्याकडं चार नख्यांचे टॉप्स होते. ओढणीत अडकायचे, स्वेटर काढताना अडकायचे. एकदा नखी उचलली गेली की खडा कधी पडला कळतसुद्धा नाही. चारही बाजूंनी कोंदण असलेलं घे.

आणि ते 'जर्मन सिल्व्हर' नावाचं काही घेऊ नकोस हं. त्यात चांदी मुळीच नसते. तांबं, निकेल आणि जस्त. माझ्या सुनेचे कान त्यानं पिकले होते, पंधरा दिवस पाणी येत होतं.

दगडांचा_मास्तर | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मी भूगोल शिकवतो, पण जीव दगडांत आहे. आपल्या कोल्हापूरचा काळा पाषाण लाव्ह्याचा. त्याच्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक मिळतात, पण ताई म्हणतात ते गुलाबी खडे इथले नव्हेत. गुलाबी स्फटिक, तुरमली, मॉर्गनाइट हे प्रामुख्यानं पेग्मटाइट नावाच्या भरड ग्रॅनाइटी खडकात तयार होतात. आपल्याकडं ते बहुतेक जयपूरच्या बाजारातून पैलू पाडून येतात.

रोज घालायचं असेल तर रंगाच्या आधी कठीणपणा बघा. मोह्स यांची १ ते १० अशी मोजणी आहे. घरातल्या धुळीत बारीक वाळू असते, म्हणजे क्वार्ट्झ, आणि तिचा कठीणपणा ७. त्याच्या खालचा कुठलाही खडा नुसता पुसून पुसून निस्तेज होतो. आजीबाईंच्या काचेच्या कडा त्यामुळंच झिजल्या असणार, काच साडेपाचच्या आसपास असते.

ऱ्होडोक्रोसाइट दिसायला फार सुंदर, गुलाबी-पांढऱ्या लाटा असतात, पण कठीणपणा जेमतेम साडेतीन ते चार. रोजच्यासाठी नको. कुन्झाइट उन्हात फिका पडतो आणि एका ठोक्यात सपाट दुभंगतो. स्कूटीवरच्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. गुलाबी स्फटिक म्हणजे रोज क्वार्ट्झ, ७. तुरमली ७ ते साडेसात. मॉर्गनाइट साडेसात ते आठ. पाचू ज्या बेरिल घराण्यातला, त्यातलाच हा. स्पिनेल ८. गुलाबी नीलम ९, आणि तो माणकाचा सख्खा भाऊ. दोन्ही कुरुंद याच खनिजाचे. क्रोमियम थोडं असलं की गुलाबी, जास्त असलं की लाल, आणि लाल झाला की त्याचं नाव माणिक. आजीचं 'माणिक' म्हणणं रंगाच्या दृष्टीनं अगदी जवळचं होतं.

माझं मत : भाचीला गुलाबी स्फटिक, घुमटासारखा गुळगुळीत. तुम्हाला तुरमली किंवा बजेट असेल तर नीलम.

मृण्मयी_रंकाळा | ९ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मास्तर, तुमचा हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला. एक विचारते. ऑनलाइन एका ठिकाणी काचेसारखा आरपार, गडद गुलाबी 'रोज क्वार्ट्झ' दाखवतात. तसा असतो का?

दगडांचा_मास्तर | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.००

संशय घ्या. नेहमीचा गुलाबी स्फटिक थोडा दुधाळ असतो. त्याच्या आत ड्युमॉर्टिराइटसारख्या खनिजाचे अतिसूक्ष्म तंतू असतात. गुलाबी रंगही त्यांचा आणि तो धुकटपणाही त्यांचाच. काही खड्यांत हे तंतू शिस्तीत लागलेले असतात, तेव्हा एका दिव्याखाली वर सहा किरणांची चांदणी दिसते. आरपार स्वच्छ गुलाबी क्वार्ट्झ निसर्गात आहे, पण दुर्मीळ, आणि त्याचा रंग उजेडात टिकत नाही. स्वस्तात ढिगानं मिळतोय म्हणजे काच किंवा रंगवलेला.

निनाद_पुणे | ९ नोव्हेंबर, रात्री ११.२०

मी फसलोय म्हणून लिहितो. बायकोला वाढदिवसाला 'नैसर्गिक गुलाबी तुरमली' म्हणून टॉप्स घेतले. दुकानाचं नाव लिहीत नाही. तीन महिन्यांत रंग कडेनं उतरायला लागला. ओळखीच्या रत्नपारख्याला दाखवलं तर साधा पांढरा क्वार्ट्झ. तापवून एकदम गार करतात, आत बारीक तडे जातात, मग त्या तड्यांत गुलाबी रंग मुरवतात. भिंगातून बघितलं तर रंग सगळीकडं सारखा नव्हता, तड्यांच्या रेघांत साचलेला होता. नेलपेंट काढायच्या पाण्यात भिजवलेला कापूस फिरवला, कापूस गुलाबी. बायको काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खऱ्या तुरमलीत वरून तिरकं बघितलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. काचेत त्या एकेरीच दिसतात. नीलमातही इतक्या ठळक दुहेरी दिसत नाहीत.

हुपरीची_लेक | १० नोव्हेंबर, रात्री ८.५०

माहेर हुपरी. घरात तीन पिढ्या चांदीचं काम. आमच्याकडं मुख्य काम पैंजणांचं, खडेकाम कमी, पण माझ्या मोठ्या काकांनी कोंदणं केलीत, ती बघतच मी वाढले. म्हणून चांदीबद्दल बोलते.

पहिल्यांदा टंच विचारायचा. टंच म्हणजे शंभरात चांदी किती. कुड्यांना साडेब्याण्णव टंच, म्हणजे ९२५, उरलेलं साडेसात बहुधा तांबं. "शुद्धच द्या" असा हट्ट करू नका. शुद्ध चांदी इतकी मऊ की कुडीची दांडी वाकेल आणि फिरकीचे आटे आठ दिवसांत गुळगुळीत होतील. कमी टंचाचा मालही बाजारात असतो, त्यामुळं पावतीवर टंच लिहूनच घ्या.

आता काम कसं चालतं ते. आटणी करून चांदीची कांब पाडतात, ती रुळातून काढून पत्रा, जंतराच्या बारीक भोकांतून ओढून तार. पत्र्याची बारीक पट्टी खड्याच्या कडेनं गुंडाळून बरोबर मापाचं कडं करायचं. काका हे कडं मात्र शुद्ध चांदीचं घ्यायचे, कारण ते पुढं खड्यावर दाबून बसवायचं असतं, तिथं मऊपणाच कामाला येतो. कडं झाळून, म्हणजे लवकर वितळणारी चांदी (झाळ) लावून सांधून, बंद करायचं, खालच्या पत्र्यावर झाळायचं, मागं दांडी झाळायची. झाळताना टाकणखार (बोरॅक्स) लावतात, नाहीतर झाळ पळत नाही. मग आम्लाच्या पाण्यात टाकून काळेपणा काढायचा, कानस, पॉलिश. खडा सगळ्यात शेवटी. कडं चारही दिशांनी थोडं थोडं, समोरासमोर दाबत आणायचं. एकाच बाजूनं दाबत गेलं की खडा तिरका बसतो किंवा कडेला चिरतो. काका शेवटी कुडी कानाजवळ धरून नखानं टिचकी मारायचे. आत खडा हलत असेल तर बारीक टकटक ऐकू येते. ती आली तर पुन्हा दाबायचे. मला लहानपणी वाटायचं ते खड्याशी बोलतात.

मागची बाजू : आरपार पैलूदार खड्याला मागं खिडकी हवीच, उजेड येतो आणि साबण धुऊन निघतो. दुधाळ खड्याला बंद चालते. पण आपल्याकडचा पावसाळा बघता मी म्हणेन दोन्हीला बारीक तरी भोक ठेवायला सांगा. खड्याच्या बंद घरात शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही.

सुजय_शाहूपुरी | ११ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

हे सगळं ठीक आहे, पण एवढ्याशा कुड्यांना चांदी दोन ग्रॅम आणि मजुरी चांदीच्या कितीतरी पट सांगतात. मागच्या वर्षी मी विचारून परत आलो. तयार जोड त्याच्या पाव किमतीत मिळतो.

हुपरीची_लेक | ११ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

सुजयदादा, तयार जोड साच्यात ओतून निघतो, एका वेळी झाडाला फळं लागावीत तसे डझनावारी. त्यात वाईट काही नाही. पण तिथं खडा साच्याच्या घरात बसेल असा निवडतात. हातकामात घर खड्याच्या अंगानं करतात. नैसर्गिक खडा कधीच अगदी गोल नसतो, एक थोडा उंच, एक थोडा बुटका. दोन कुड्या म्हणजे दोन वेगळी मापं, आणि कानात मात्र सारख्या दिसल्या पाहिजेत. त्या दोन ग्रॅमला माणूस अर्धा-पाऊण दिवस बसतो. चांदीचा भाव वाढला की गिऱ्हाईक गप वाढीव देतं, मजुरीवर मात्र घासाघीस. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पार गेली, तेव्हा आमच्या गल्लीत काम कमी झालं आणि मजुरी होती तिथंच राहिली. म्हणून हे पोटतिडकीनं लिहिलं, राग मानू नका.

सुजय_शाहूपुरी | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

राग कसला. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुन्हा जाऊन विचारतो.

अस्मिता_कागल | १२ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

हॉलमार्कचं सांगते. चांदीला हॉलमार्क ऐच्छिक आहे, सोन्यासारखी सक्ती नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सोन्यासारखाच सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो, तो सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. एक जोड हातानं करून घेतला तर कारागीर त्यासाठी केंद्रावर पाठवेलच असं नाही. निदान पक्की पावती घ्या आणि त्यावर खड्याचं नाव, 'नैसर्गिक' हा शब्द आणि खडा तापवलेला असेल तर तेही लिहून घ्या. गुलाबी नीलम बऱ्याचदा तापवलेला असतो. ते सांगून विकलं तर फसवणूक नाही.

मृण्मयी_रंकाळा | ३० नोव्हेंबर, रात्री १०.०५

झाल्या! सविस्तर लिहिते, कारण यातली निम्मी अक्कल तुमची आहे.

सोनारकाकांनी ओळखीच्या खडेवाल्याकडून तीन पुड्या मागवल्या. कागदाची घडी उघडली की आत गुलाबी ढीग. मी आनंदानं पहिले दोन उचलले, तर काका म्हणाले, "थांबा, दारात चला." दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळे सारखेच गुलाबी दिसत होते. दारात पांढऱ्या कागदावर ठेवले आणि एकेकाचा स्वभाव कळला. एकात जांभळी झाक, एकात विटकरी, एक मधोमध पांढरट. पंचवीस तुरमलींतून एक जोडी जुळवायला तास गेला. शेजारी फुलवाल्या मावशी बसतात, त्यांनीही दोन खडे बाजूला काढून दिले, आणि शेवटी त्यांच्यातलाच एक घेतला. नीलमही बघितला. हातात घेतल्यावर फरक कळतो, त्याच मापाचा स्फटिकाच्या दीडपट जड. फार आवडला, पण दोघींचे जोड करायचे म्हणून सोडला.

माझ्या कुड्या : ४ मिलिमीटरची गोल तुरमली, पैलूदार, मागं खिडकी. भाचीच्या : ५ मिलिमीटरचा गुलाबी स्फटिक, घुमटाचा, मागं बारीक भोक. दोन्हीला कोंदण, ९२५, मागं फिरकी. वरून ऱ्होडियम या धातूचा मुलामा दिला नाही. काका म्हणाले, मुलाम्यानं काळवंडणं लांबतं, पण घासून उजाळा देता येत नाही, आणि हातकामाचा तो मऊ पांढरा रंग जातो.

बसवणारा कारागीर पश्चिम बंगालचा, गुजरीत बारा वर्षं. त्यानं न सांगताच कुडी कानाशी धरून टिचकी मारली. मला हुपरीची_लेक आठवली, मी त्याला म्हटलं, "हुपरीतही असंच करतात." तो हसला आणि कुडी माझ्या कानाशी धरली. काही आवाज नाही.

हुपरीची_लेक | ३० नोव्हेंबर, रात्री १०.३०

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. काकांना फोन करून वाचून दाखवते.

वासंतीकाकू | १ डिसेंबर, सकाळी ६.५०

छान गं. भाचीला झोपताना काढून ठेवायला सांग. कुशीवर झोपलं की दांडी वाकते.

मृण्मयी_रंकाळा | १७ डिसेंबर, रात्री ९.१५

काकू, तुमचं ऐकायला हवं होतं. भाचीच्या एका कुडीची दांडी वाकली, तिनंच सरळ करायला गेली आणि तुटली. तिच्या बाबांनी घराजवळच्या एका दुकानात नेली. तिथं दहा मिनिटांत झाळून दिली, पण खडा न काढता. आता खडा वरून पांढरट झालाय आणि आत आडवी चीर दिसते. पोर दोन दिवस रडतेय, "चूक माझीच" म्हणत. तिची मुळीच नाही.

दगडांचा_मास्तर | १७ डिसेंबर, रात्री ९.५०

अरेरे. क्वार्ट्झ ५७३ अंशांना आतली रचना बदलतो आणि एकदम फुगतो. चांदीची झाळ वितळायला त्याहून जास्त तापमान लागतं. खडा आत असताना ज्योत लावली की तो चिरणारच, आणि तितकं तापलं नाही तरी असमान तापण्यानं चिरतो. पोरीला सांगा की हे तिच्या हातून झालेलं नाही.

हुपरीची_लेक | १७ डिसेंबर, रात्री १०.२०

कुडी वाया गेली नाही, हे तिला आधी सांगा. कोंदणाचं कडं मऊ आहे, ते अलगद उघडता येतं. चिरलेला खडा काढा, दांडी नीट नव्यानं झाळा, नवा खडा बसवा. हातानं केलेलं असलं की हातानं उघडतं. मूळ कारागिराकडंच न्या, माप त्याला माहीत आहे.

मृण्मयी_रंकाळा | ४ जानेवारी, सकाळी ११.००

नेली. भाचीलाही नेलं, तिनं स्टुलावर बसून सगळं बघितलं. कारागिरानं कड्याची कड पातळ पात्यानं उचलली, खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. दांडी या वेळी जराशी जाड घातली, सुमारे ०.९ मिलिमीटर. नवा खडा पुडीतून तिनंच निवडला, दारात, पांढऱ्या कागदावर. शेवटची टिचकी तिच्याकडून मारून घेतली. चिरलेला खडा तिनं कंपासपेटीत ठेवलाय.

प्राची_गारगोटी | ४ जानेवारी, दुपारी २.१५

काळ्या पडल्यावर साफ कशानं करायच्या? आई देवाची भांडी टूथपावडरनं घासते. नेटवर ॲल्युमिनियम फॉइल आणि खायचा सोडा सांगतात.

हुपरीची_लेक | ४ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

टूथपावडरनं बारीक चरे पडतात, खडेकामाला नको. सोडा-फॉइलचा उपाय साध्या चांदीला चालतो, गरम पाण्यात काळा थर उतरतो, पण खडा असलेल्या दागिन्याला गरम पाणी आणि सोडा कशाला? कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, मागच्या खिडकीतूनही. मग कोरडं करून मऊ कापडानं घासायचं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळं, त्यामुळं रबर आणि उकडलेल्या अंड्यापासून लांब. घालत राहिलं तर कमीच काळवंडते. पावसाळ्यात काढून ठेवायच्या असतील तर छोट्या बंद पिशवीत, खडूचा तुकडा घालून.

निनाद_पुणे | ४ जानेवारी, रात्री ९.००

मृण्मयीताई, आजीच्या कुड्यांचं काय झालं? सुरुवात तिथूनच होती.

मृण्मयी_रंकाळा | ४ जानेवारी, रात्री ९.४५

सोनारकाकांकडं मोडीत आलेल्या जुन्या दागिन्यांतून निघालेल्या खड्यांची पत्र्याची डबी आहे. तिच्यात तशीच जुनी काच सापडली, माप बरोबर, रंग किंचित फिका. मी माणिक घालायला सांगू शकले असते, पण नको म्हटलं. काल बसवून आणली. फिकी कुडी डाव्या कानात घालते, माझे केस त्या बाजूला असतात.